रियाज तासांत मोजू नका

वारणानगर म्हटले की बाहेरच्या माणसाला साखर आणि दूध आठवते. पण गाण्या-बजावण्यातल्या लोकांना आठवतो तो इथला बालवाद्यवृंद. कै. तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने तो उभा राहिला आणि ऊसकरी शेतकऱ्याच्या पोरांच्या हाती वाद्ये आली. अशा गावात संगीताची आवड रुजणे साहजिकच आहे.

या आवडीची दुसरी बाजू आम्हा डॉक्टरांना दिसते. परीक्षा किंवा गॅदरिंग जवळ आले की मनगट धरून तबला शिकणारा मुलगा येतो, नाहीतर घसा बसलेली मुलगी येते. बरोबरचे वडील सांगतात, "डॉक्टर, दुखायचं थांबेल अशी गोळी द्या. चार तासांचा रियाज चुकता कामा नये."

वाचकहो, ही गोळी घेऊन रियाज करणे धोक्याचे आहे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला कंडरा म्हणतात. एकच हालचाल विश्रांतीशिवाय हजारो वेळा केली की ती सुजते. गोळीने वेदना झाकली जाते, सूज मात्र वाढत राहते. गळ्याचेही तसेच. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा कंप पावतात, स्त्रीचे दोनशेच्या आसपास. बसलेला आवाज ताणून गायल्यास त्यांवर गाठी येऊ शकतात.

याचे उदाहरण आपल्या कोल्हापूरशीच जोडलेले आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे गवई उस्ताद अल्लादिया खाँ यांना तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावे लागले आणि त्यांचा आवाज गेला. पुढे तो परत आला, पण पहिल्यासारखा नाही. खाँसाहेबांनी जुन्या आवाजाचा हट्ट धरला नाही. उरलेल्या गळ्याला शोभेल अशी गायकी त्यांनी विचारपूर्वक घडवली. तीच आज जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून ओळखली जाते.

दुसरे उदाहरण बेळगावकडचे, पं. कुमार गंधर्वांचे. क्षयामुळे त्यांना काही वर्षे गाणे बंद ठेवावे लागले. 1948 मध्ये ते देवासला राहायला गेले. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्याची लोकगीते ऐकत होते, मनात घोळवत होते. स्ट्रेप्टोमायसीन मिळाले, आजार हटला आणि नव्या वळणाचे गाणे बाहेर आले. त्या लोकधुनांतून त्यांनी नवे रागही बांधले. गळा गप्प असतानाही रियाज चालू राहू शकतो, तो असा.

शिकण्याचे काम बोटांपेक्षा मेंदू अधिक करतो. लक्ष नसताना शंभर वेळा वाजवलेला चुकीचा बोल मेंदू तितक्याच इमानाने पक्का करतो. शिकलेले मुरते ते झोपेत. म्हणून रात्र जागून केलेला रियाज तोट्याचाच.

मग करावे काय? बसण्यापूर्वी आज काय साधायचे ते एका वाक्यात ठरवावे. उदाहरणार्थ, 'आज फक्त "ना" स्वच्छ वाजवायचा, तोही निम्म्या लयीत.' पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटे उठावे, हात मोकळे करावेत. ताठ बसावे, पण खांदे सैल ठेवावेत. गाणाऱ्याने अधूनमधून पाणी प्यावे आणि तंबाखूपासून दूर राहावे.

शेवटची दहा मिनिटे मुलाला त्याच्या मर्जीने वाजवू द्यावे. ऐकलेले गाणे शोधू दे, नवा तुकडा जुळवू दे, चुकू दे. त्या वेळी कोणी टोकू नये. या मोकळिकीतच मूल वाद्याशी दोस्ती करते. ही दोस्ती नसली तर प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि तबला माळ्यावर जातो.

बोटांना मुंग्या येत असतील, बोटे ऐकेनाशी झाली असतील किंवा दुखणे रात्रीही राहत असेल, तर रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा.

पालकांना एवढेच सांगणे आहे. संध्याकाळी मुलाला "किती तास बसलास?" असे विचारू नका. "आज नवीन काय सापडलं?" असे विचारा.