एक घोट, एक श्वास : तान्ह्या बाळाला पाजताना



माघ पौर्णिमेला आपण कचारगडच्या यात्रेला जातो. दरेकसा स्टेशनवर उतरायचे, पुढे गुहेची वाट धरायची. चढ लागला की धाप लागते. अशा वेळी घटाघटा पाणी प्यायलो तर काय होते? ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते. मग आपण शहाणे होतो. थांबतो, एक घोट घेतो, श्वास घेतो आणि मग दुसरा घोट.

तुमच्या कडेवरचे लेकरू हेच काम रोज करते. दूध पिताना चोखायचे, गिळायचे आणि श्वासही घ्यायचा. हे त्याला कसे जमते आणि आपल्या हातून त्यात खोडा कसा पडतो, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक हवे.

घसा एक, कामे दोन

नाकातून येणारी हवा आणि तोंडातून येणारे दूध घशात एकाच चौकात येतात. तेथून वाटा दोन. एक फुप्फुसाकडे जाते, दुसरी पोटाकडे. दूध हवेच्या वाटेने गेले तर बाळाला ठसका लागतो. जास्त गेले तर छातीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

म्हणून बाळ घोट गिळते तेव्हा हवेच्या वाटेचे दार मिटते आणि श्वास क्षणभर थांबतो. घोट खाली गेला की दार उघडते. तान्हे बाळ गिळता गिळताच श्वास घेते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ते इतकी झटपट अदलाबदल करते की आपल्या ध्यानात येत नाही.

दूध चांगले येत असले म्हणजे बाळ साधारण सेकंदाला एकदा चोखते. एकदा-दोनदा चोखले की एक घोट, आणि घोटाला जोडून श्वास. मधूनच ते थांबते. थांबले म्हणजे पोट भरलेच असे नाही. ते दम खात असते. तेव्हा गाल टोचून घाई करू नका.

ही जोडी कधी जमते?

गर्भात तीन महिन्यांच्या सुमारास बाळ गर्भजल गिळू लागते. चोखण्याची हालचाल पुढे सुरू होते. पण चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे आठव्या महिन्यात, बसू लागतो.

त्याआधी जन्मलेले बाळ चोखते, पण श्वास घ्यायचे राहून जाते. ते निळे पडते, दमून झोपी जाते. "दूधच ओढत नाही, आळशी आहे," असे म्हणू नका. त्याचे कसब अजून पुरते यायचे आहे. त्यालाही आईचेच दूध द्यायचे. मात्र ते पिळून वाटी-चमच्याने किंवा नळीने कसे द्यायचे, हे दवाखान्यातच शिकून घ्या.

दोन बाळंतपणांत फार कमी अंतर असले तर बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. म्हणून दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. त्यासाठी कोणते साधन बरे, हे नवरा-बायको दोघांनी मिळून नर्सताईंना विचारा.

पाजताना एवढे करा

१. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावा. पहिले पिवळसर चीक दूध फेकू नका.
२. बाळाचे डोके पोटापेक्षा थोडे उंच ठेवा. मान वळलेली नको. बाळ नाकानेच श्वास घेते, म्हणून नाक मोकळे असू द्या.
३. दुधाची धार जोरात असेल तर आईने थोडे मागे रेलून बसावे. ठसका लागला की बाळाला बाजूला घ्यावे, श्वास जुळू द्यावा, मग पुन्हा लावावे.
४. पाजून झाले की बाळाला खांद्यावर धरून ढेकर काढावी. बापाने हे काम जरूर करावे.

हे करू नका

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध द्या. पाणी, मध, गुटी काही नको. घरातली आजी म्हणेल, "आमची लेकरं गुटीवरच वाढली." आजीबाई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण एक गोष्ट बघा. अंगावर पिताना बाळ आपल्या तालाने घोट घेते. आपण तोंडात ओततो तेव्हा तो ताल मोडतो. रडणारे बाळ जोराने हवा आत ओढते. त्याच वेळी चमचा रिकामा केला तर औषध हवेच्या वाटेला लागते. नाक दाबून औषध पाजणे तर फारच वाईट. नाकात तेलही घालू नका.

डॉक्टरांनी औषध दिलेच असेल तर बाळ शांत आणि जागे असताना थोडे थोडे द्या. एक घोट गिळला हे पाहूनच पुढचा द्या.

ताल बिघडला तर थांबू नका

कालपर्यंत नीट पिणारे बाळ आज दूध ओढत नाही, हा मोठा इशारा आहे. बाळ शांत असताना घड्याळ लावून पुरे एक मिनिट श्वास मोजा. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजा. तेवढेच आले तर दवाखाना गाठा. छाती आत ओढली जाणे, ओठ निळे पडणे, पिताना दरदरून घाम येणे, दर वेळी नाकातून दूध येणे, अंग थंड किंवा तापलेले असणे, ही लक्षणे दिसली तरी तसेच करा. १०८ वर फोन करा. वाटेत बाळाला छातीशी उबेत धरा.

श्वास मोजायला मोठी शाळा लागत नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तेथील नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळासाठी घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट असते. त्या आल्या की बाळाला त्यांच्यासमोर पाजा आणि शंका विचारा.

घाई नको, ओतू नका;
बाळाचा ताल मोडू नका.