रहस्यकथेची कारागिरी (भाग ४) : कंपाउंडर अगाथाबाई

होम्सच्या बेकर स्ट्रीटवरून आज आपण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, टॉर्कीला जाऊ. पहिल्या महायुद्धात अगाथा ख्रिस्ती तिथल्या रुग्णालयात आधी शुश्रूषेचं आणि मग औषधं बनवण्याचं काम करत होत्या. चक्क कंपाउंडर!

हे काम शिकायला त्या गावातल्या एका औषधविक्रेत्याकडे जात. एकदा त्यानं सपोझिटरीज बनवताना दशांशचिन्ह चुकवलं. औषधाची मात्रा दहापट झाली. बाईंच्या ते लक्षात आलं, पण शिकाऊ मुलीनं गुरुजींची चूक काढायची कशी? त्यांनी धडपडल्याचं सोंग केलं, तबक खाली पाडलं आणि वर चांगला पाय दिला. सगळं पुन्हा करावं लागलं. हाच गृहस्थ खिशात क्युरारे या विषाचा खडा घेऊन हिंडायचा. का, तर त्यामुळे आपण सामर्थ्यवान आहोत असं त्याला वाटायचं! बाई त्याला विसरल्या नाहीत. १९६१च्या ‘द पेल हॉर्स’मागे तोच आहे.

पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. ती १९२० साली निघाली. खुनी कोण ते सांगत नाही, पण युक्ती सांगायलाच हवी. त्या काळी शक्तिवर्धक औषधात थोडं स्ट्रिक्निन असे. त्यात ब्रोमाइडची पूड पडली की स्ट्रिक्निनचे स्फटिक हळूहळू तळाशी बसतात. रोजचा डोस निर्धोक, शेवटच्या डोसात मात्र जवळजवळ सगळं विष. बाटलीवर ‘हलवून घ्या’ लिहितात ते उगीच नाही. म्हणजे मृत्यूच्या रात्री खुन्यानं तिथे असायचं कारणच उरत नाही.

औषधाची बाटली आणि ब्रोमाइडच्या पुड्या, दोन्ही गोष्टी बाई आपल्याला उघडपणे दाखवतात. आपण त्या विषाला बळी पडलेल्या म्हातारीच्या खोलीतलं सामानसुमान समजून पुढे जातो. माझ्या मते बाईंची खरी करामत ती हीच. त्यांची पात्रं पुठ्ठ्याची, भाषा साधी, हे आक्षेप मला मान्य आहेत. हिशोब मात्र चोख. औषधशास्त्राच्या नियतकालिकानंही या पुस्तकातल्या विषाच्या हाताळणीची वाखाणणी केली होती. रहस्यकथाकाराला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

‘द पेल हॉर्स’मधलं विष थॅलियम. केस गळणं हे त्याचं लक्षण बाईंनी नेमकं टिपलं आहे. १९७७ साली कतारहून लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात एक तान्ही मुलगी आणली गेली. डॉक्टरांना निदान होईना. तिची देखभाल करणारी परिचारिका नेमकी तीच कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळताना पाहून तिनं थॅलियमचं नाव घेतलं. तपासणीत ते खरं ठरलं आणि मुलगी वाचली. डॉक्टरांनी आपल्या वैद्यकीय टिपणात अगाथाबाईंचे आभार मानले. ते वाचायला बाई नव्हत्या. जानेवारी १९७६मध्येच त्या गेल्या होत्या.

(पुढच्या आठवड्यात ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’. ती कादंबरी वाचली नसेल, तर तेवढी वाचूनच या.)