दृक्-साधने, अध्यापनातील
वर्गात शिकवावयाचा आशय डोळ्यांना दिसेल अशा रूपात मांडण्यासाठी शिक्षक ज्या वस्तूंचा अवलंब करतो, त्यांस दृक्-साधने म्हणतात. फळा, नकाशा, तक्ता, प्रतिकृती, प्रत्यक्ष वस्तू, भित्तिचित्र, चित्रपट, दूरचित्रवाणीवरील पाठ व संगणकाचा पडदा ही सर्व त्यांत मोडतात. ही साधने यंत्रयुगाची देणगी आहे, असा समज रूढ आहे. तथापि चित्राच्या आधारे शिकविण्याचे महाराष्ट्रातील एक फार जुने उदाहरण छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात, अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात आढळते.

वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळात, इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याच्या एका मांडलिक राजाने हा विहार खोदविला. विहाराच्या ओसरीत डाव्या टोकाच्या भिंतीवर एक भव्य चक्र रंगविलेले आहे. त्याचा बराचसा भाग नष्ट झाला असून एकोणिसाव्या शतकात ते राशिचक्र समजले जाई. तिबेटातील तत्सम चित्रांच्या आधारे एल्. ए. वॉडेल यांनी ते बौद्धांचे भवचक्र असल्याचे दाखवून दिले.

असे चक्र कोठे व कशासाठी काढावे, याची कथा दिव्यावदान या संस्कृत बौद्ध ग्रंथात आली आहे. मौद्गल्यायन हा शिष्य नरक, प्रेत, तिर्यक् इ. गतींमधील दुःखे पाहून येई व ती लोकांना सांगे. त्यामुळे त्याच्याभोवती श्रोत्यांची गर्दी जमे. परंतु मौद्गल्यायनासारखा उपदेशक सर्वत्र असणार नाही, म्हणून विहाराच्या द्वारकोष्ठकात पाच भागांचे चक्र रंगवावे, असे बुद्धाने सांगितले. मध्यभागी राग, द्वेष व मोह यांची प्रतीके म्हणून अनुक्रमे पारवा, सर्प व डुक्कर, भोवती पाच गती आणि कडेला प्रतीत्यसमुत्पादाची बारा अंगे, अशी त्याची योजना होती. चित्र तयार झाले; पण येणारे गृहस्थ ‘हे काय आहे?’ असे विचारू लागले आणि भिक्षूंना ते सांगता येईना. तेव्हा समजावून देण्यासाठी एक भिक्षू नेमावा, असे ठरले. त्या कामी सरसकट कोणीही, अगदी अजाण भिक्षूही नेमले जाऊ लागले. ज्यांना स्वतःलाच अर्थ कळला नाही, ते इतरांना काय सांगणार? अखेरीस समर्थ भिक्षूचीच नेमणूक करावी, असा नियम झाला. हा नियम अजिंठ्यास तंतोतंत पाळला गेला असे म्हणता येत नाही. मात्र तेथील चक्राची प्रवेशाजवळची जागा त्याच्याशी जुळते.

शिक्षकाच्या अभावी साधन, हा विचार या कथेच्या आरंभी आहे. शेवटी मात्र साधनासाठीच शिक्षक शोधावा लागतो. याचे कारण चित्राच्या स्वरूपात आहे. चित्र सर्व गोष्टी एकाच वेळी दाखविते; आधी काय पाहावे, कशाचा कशाशी संबंध आहे, हे ते सांगत नाही. शिवाय पारवा पाहताच ओळखू येतो, पण तो रागाचे प्रतीक आहे हे सांगावेच लागते. नकाशाचेही तसेच आहे. पैठणचा नाथसागर प्रत्यक्ष पाहिलेल्या मुलालाही नकाशातील निळा ठिपका म्हणजे तेच पाणी, हे आपोआप उमगत नाही. धरण कोणत्या बाजूस, नदी कोठून येते, असे प्रश्न विचारून शिक्षकाने त्याचे बोट नकाशावर फिरवावे लागते. वर्षभर भिंतीवर टांगून ठेवलेला तक्ता तर मुलांना दिसेनासाच होतो. हवा तेव्हा तो लावणे व काम होताच काढणे अधिक उपयुक्त ठरते.

युरोपात कोमीनिअसने १६५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सचित्र पाठ्यपुस्तकात चित्रातील वस्तूंना अंक देऊन ते मजकुरातील शब्दांशी जोडले होते. म्हणजे निवेदकाचे थोडे काम तेथे अंकांनी केले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या व १९५७ पासून कोसबाड येथे चालविलेल्या कार्यात माँटेसरी पद्धतीची महागडी उपकरणे बाजूस सारून बिया, शंख-शिंपले, पाने अशा परिसरातील वस्तू वापरल्या. साधन मुलाच्या ओळखीचे असल्याने शिक्षिकेचा वेळ ते समजावण्यात जात नसे. मोजणे, तुलना करणे यांकडे थेट वळता येई.

१९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने मराठीत शैक्षणिक कार्यक्रमांची मोठी निर्मिती केली, ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. दूरचित्रवाणीच्या पाठात प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असते, तो मध्येच थांबवून प्रश्न विचारता येत नाही. त्यामुळे पाठापूर्वीची तयारी व नंतरची चर्चा हे वर्गशिक्षकाकडेच राहते. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली. घरी मुलाजवळ शिक्षक नसणार हे गृहीत धरून तिच्यात पालकांसह घरातच करावयाच्या कृतींवर भर होता.