प्रयागचा फलाट, नाशिकची परीक्षा

मुंबईहून प्रयागराजला निघालेल्या माणसाला तिकीट काढतानाच पहिला पेच पडतो : उतरायचे कुठे? त्या एका शहरात आणि त्याच्या अंगाला नऊ रेल्वे स्थानके आहेत. प्रयागराज जंक्शन, छिवकी, नैनी आणि सूबेदारगंज ही उत्तर मध्य रेल्वेची. प्रयाग, प्रयागराज संगम आणि फाफामऊ ही उत्तर रेल्वेची. रामबाग आणि झूंसी ही पूर्वोत्तर रेल्वेची. शहर एक, संगम एक, पण रेल्वेचे विभाग तीन. त्यात २०२० मध्ये चार स्थानकांची नावे बदलली. जुन्या आठवणीवर निघालेला यात्रेकरू ‘अलाहाबाद सिटी’ शोधतो आणि पाटी दिसते ‘प्रयागराज रामबाग’.

मराठी यात्रेकरूचा संबंध यांपैकी छिवकीशी जास्त येतो. जबलपूर-सतना-माणिकपूरकडून येणारा लोहमार्ग यमुनेच्या दक्षिणेला, नैनीजवळ, दिल्ली-हावडा मार्गाला मिळतो. गाडीला पुढे मिर्झापूर किंवा वाराणसीकडे जायचे असेल, तर यमुना ओलांडून जंक्शनात शिरायचे, इंजिन उलटे लावायचे आणि पुन्हा पूल ओलांडून परत यायचे, हा खटाटोप परवडत नाही. म्हणून महानगरी आणि मुंबई-हावडा मेल यांसारख्या गाड्या छिवकीवरून परस्पर पूर्वेकडे वळतात. जंक्शन राहते नदीपलीकडे. ‘प्रयागराज’ एवढेच वाचून बसलेल्या माणसाला हे उतरल्यावर कळते आणि मग रिक्षावाल्याशी घासाघीस सुरू होते.

हा गुंता कोणी मुद्दाम केलेला नाही, नद्यांनी केला आहे. प्रयाग ते कानपूर हा लोहमार्ग १८५९ मध्ये सुरू झाला. कलकत्त्याकडून येणारी गाडी मात्र यमुनेच्या अलीकडेच थांबे. नैनीचा पूल १८६५ मध्ये खुला झाला, तेव्हा रूळ सलग जुळले. वर रेल्वे आणि खाली रस्ता असा हा दुमजली पूल आजही वापरात आहे. १८७० मध्ये मुंबईचा लोहमार्ग जबलपूरला येऊन मिळाला आणि महाराष्ट्रातली काशी-प्रयागची यात्रा महिन्यांवरून दिवसांवर आली. गंगेवर फाफामऊचा कर्झन पूल १९०५ मध्ये झाला. जिथे ज्या कंपनीचा पूल किंवा रूळ आला, तिथे तिचे स्थानक उभे राहिले. तीर्थ तिन्ही बाजूंनी नद्यांच्या कवेत, म्हणून स्थानकेही चहूकडे विखुरलेली.

रेल्वेने माणसे आणली आणि आणलेल्या माणसांची धास्तीही तिनेच घेतली. १९४२ च्या कुंभात, महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्रज सरकारने अलाहाबादची तिकीटविक्रीच बंद केली होती. गर्दी आवरण्याचा हा सर्वांत सोपा उपाय. स्वतंत्र भारतात तो कोणी उघडपणे सुचवणार नाही. त्यामुळे प्रश्न उरतो तो आलेल्या माणसाला सुखरूप परत कसे पाठवायचे, हा.

‘परत’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कुंभाला येणारी माणसे आठ-दहा दिवसांत विभागून येतात. कोणी आधी येऊन कल्पवासाला बसतो, कोणी आदल्या रात्री पोचतो. पण पर्वस्नानाची डुबकी मारली की सगळ्यांना त्याच संध्याकाळी घर गाठायचे असते. स्थानकावरचा खरा ताण स्नानाआधी येत नाही, स्नानानंतर येतो. १० फेब्रुवारी २०१३, मौनी अमावास्या. त्या संध्याकाळी अलाहाबाद जंक्शनच्या पादचारी पुलावर आणि सहा क्रमांकाच्या फलाटाकडे उतरणाऱ्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक माणसे गेली. गाडीचा फलाट ऐन वेळी बदलल्याची घोषणा झाली आणि लोक उलटे फिरले, असे त्या वेळी तिथे असलेल्यांनी सांगितले होते.

अशा वेळी नेमके काय होते, याचा आता बराच अभ्यास झाला आहे. दर चौरस मीटरला दोन-तीन माणसे असतील तोवर प्रत्येक जण आपल्या पायांवर चालतो. संख्या पाच-सहाच्या पुढे गेली की चालणे माणसाच्या हातात राहत नाही. धान्याच्या पोत्याचे तोंड सुटावे तशी गर्दी एका अंगाला सरकते. माणसे मरतात ती बहुधा पायांखाली तुडवली गेल्यामुळे नव्हे, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यामुळे. मागच्याला पुढचे दिसत नाही, म्हणून तो ढकलतच राहतो. जिना ही यातली सर्वांत वाईट जागा : वरून येणारे आणि खालून चढणारे तिथे एकमेकांना भिडतात. मुंबईकराला हे वेगळे सांगायला नको. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसे गेली, तेव्हा ना पर्व होते ना मेळा. पाऊस होता आणि एक अरुंद जिना होता.

२०१३ चा धडा प्रयागच्या रेल्वेने घेतला आणि २०२५ च्या महाकुंभात तो स्थानकाच्या रचनेत दिसला. स्नानाच्या दिवसांत जंक्शनमध्ये आत जायचे ते फक्त सिटी साइडने, बाहेर पडायचे ते फक्त सिव्हिल लाइन्सच्या बाजूने. येणारा आणि जाणारा प्रवाह समोरासमोर येणारच नाही, अशी व्यवस्था. संगमाला सर्वांत जवळचे प्रयागराज संगम स्थानक मुख्य स्नानाच्या दिवशी बंद. जवळचे स्थानक बंद ठेवणे वरवर उफराटे वाटते. पण सगळे लोंढे तिथेच लोटतात, म्हणूनच ते बंद हवे.

जनरल डब्याचे तिकीट असलेल्यांना थेट फलाटावर सोडले नाही. आधी आश्रयस्थळात बसवले आणि त्यांना रंग दिले. लखनौ-वाराणसीकडे लाल, पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनकडे निळा, सतना-माणिकपूर-झाशीकडे पिवळा, कानपूरकडे हिरवा. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईलाही ‘पिवळ्यात बसायचे’ एवढे पुरे. गाडी लागली की त्या रंगाचे लोक एका घोळक्याने फलाटावर न्यायचे. गर्दी फारच वाढली तर जवळच्या खुसरो बागेत थांबवायचे. घोषणा मराठीसह बारा भाषांत होत होत्या. तिकिटासाठी खिडकीवर रांग लावायला नको म्हणून कर्मचाऱ्यांच्या जॅकेटवरच क्यूआर कोड छापलेला होता.

या रचनेच्या मुळाशी एक साधे निरीक्षण आहे. जनरलच्या प्रवाशाला विशिष्ट गाडी नको असते, त्याला दिशा हवी असते. सतन्याकडे जाणारी कुठलीही गाडी त्याला चालते. दिशा नक्की आणि गाडी पाठोपाठ येणार याची खात्री असली, की तो तासन्‌तास शांत बसतो. ही खात्री तुटली की तो धावतो.

त्याच कुंभात ती तुटली, पण प्रयागला नव्हे, दिल्लीला. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्थानकावर १८ माणसे गेली. ‘प्रयागराज एक्स्प्रेस’ आणि ‘प्रयागराज स्पेशल’ या सारख्या नावांच्या गाड्यांच्या घोषणांमुळे गोंधळ उडाल्याचे दिल्ली पोलिसांनी म्हटले. प्रवाशाच्या डोक्यावरचे ओझे पुलाच्या जिन्यावर पडले आणि लोक अडखळले, असे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले. दोन्ही खरे असू शकते. ओझे कुठल्याही दिवशी पडते; जिना आधीच तुडुंब असला तरच त्यातून माणसे मरतात. डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी असावेत हे ठरवण्याची जबाबदारी रेल्वे कायद्याच्या कलम ५७ ने प्रशासनावर टाकली आहे. तरी जनरलची तिकिटे मात्र मागेल त्याला मिळत राहतात. या दुर्घटनेनंतर रेल्वेने देशातल्या ७३ स्थानकांबाहेर कायमची प्रतीक्षास्थळे बांधण्याचे जाहीर केले.

आता पाळी नाशिकची. सिंहस्थाची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर २०२७ या तारखांना आहेत. प्रयागची नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही. प्रयागचा मेळा कोरड्या थंडीत भरतो, तिथे मोकळे मैदान चालून जाते. नाशिकचे स्नान ऐन पावसाळ्यात. पावसात भिजणारी माणसे छप्पर शोधतात आणि स्थानकात छप्पर असते ते फलाटावर आणि पुलावर. म्हणजे पक्के छप्पर असलेले प्रतीक्षास्थळ बाहेर नसेल, तर पाऊसच गर्दीला जिन्यावर ढकलेल.

दुसरा फरक अंतराचा. नाशिक रोडपासून रामकुंड नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि त्र्यंबकेश्वरला रेल्वेच नाही. यात्रेकरू बसने टप्प्याटप्प्याने स्थानकावर येतो. हे अंतर अडचण न मानता चाळणी म्हणून वापरता येईल : स्थानक भरले की बस वाटेतच थांबवायची. त्याचे महत्त्व नाशिकला सांगायला नको. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर जवळजवळ चाळीस भाविक चेंगरून गेले होते.

तिसरा फरक नाशिकच्या फायद्याचा. प्रयागला चार दिशा आणि तीन विभाग. नाशिक रोडला मार्ग एक, दिशा दोन, विभाग एकच. कल्याण-मुंबईकडे आणि मनमाड-भुसावळकडे असे दोनच रंग पुरतील. मुंबईच्या बाजूला देवळाली आहे, मनमाडच्या बाजूला ओढा. मुंबईकडच्या विशेष गाड्या देवळालीहून आणि मनमाडकडच्या ओढ्याहून सोडल्या, तर नाशिक रोडच्या पुलावर दोन प्रवाह एकमेकांना छेदणारच नाहीत.

एक नियम मात्र लेखी हवा : स्नानाच्या दिवशी एकदा जाहीर केलेला फलाट बदलायचा नाही. गाडी तासभर रखडली तरी चालेल. दोन विशेष गाड्यांना सारखी नावे द्यायची नाहीत. फलक आणि घोषणा यांत गाडीच्या नावाआधी दिशा यावी. यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही, आदेश लागतो.

वाचकांपैकी अनेक जण २०२७ मध्ये नाशिकला जातील. स्थानकाचे नाव तिकिटावर नीट वाचा, त्या स्थानकाचा कोड लिहून ठेवा. जमल्यास स्नानाच्या संध्याकाळी परतू नका. एक रात्र मुक्काम करा. ओझे डोक्यावर नको, खांद्यावर असू द्या. आणि जिन्यावर असताना फलाट बदलल्याची घोषणा ऐकू आलीच, तर वळू नका. ती गाडी जाऊ द्या.