मुक्त स्रोत आणि सुरक्षित संवाद : ‘ओपन एसएसएल’चा धडा

रेल्वेचे आरक्षण करताना किंवा बँकेचे खाते घरबसल्या पाहताना आपला परवलीचा शब्द अनेक अनोळखी संगणकांतून प्रवास करतो. वाटेत तो कोणी वाचू नये म्हणून पाठवण्यापूर्वीच त्याचे सांकेतिक रूपांतर केले जाते. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ओपन एसएसएल’ या संचाचा वापर जगभर मोठ्या प्रमाणावर होतो. १९९८ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प मुक्त स्रोत आहे. म्हणजे त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि विनामूल्य वापरता येते. मात्र विनामूल्य म्हणजे विनाखर्च नव्हे. हा फरक समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्यपद्धती

संकेतस्थळ प्रथम आपले प्रमाणपत्र सादर करते. त्यात सार्वजनिक किल्ली असते व त्यावर प्रमाणन प्राधिकरणाची अंकीय स्वाक्षरी असते. तिच्या जोडीची खासगी किल्ली आपल्यापाशी असल्याचे संकेतस्थळाने सिद्ध केल्यावर दोन्ही संगणक एक तात्पुरती सामाईक किल्ली ठरवतात आणि पुढील संवाद तिच्या साहाय्याने गुप्त राहतो. किल्ल्या यादृच्छिक अंकांपासून तयार होतात. त्या अंकांचा अंदाज बांधता आला, तर कुलूप निरर्थक ठरते. किल्ल्यांच्या अशाच जोडीवर आधारित अंकीय स्वाक्षरीला आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये कायदेशीर मान्यता मिळाली.

चेन्नईतील प्रयत्न

मुक्त स्रोत क्षेत्रात देशांतर्गत क्षमता निर्माण करण्यासाठी केंद्र सरकारने २००५ मध्ये चेन्नई येथे राष्ट्रीय संसाधन केंद्र स्थापन केले. सी-डॅकचे चेन्नई केंद्र आणि अण्णा विद्यापीठाचे एयू-केबीसी संशोधन केंद्र त्यात सहभागी होते. याच प्रयत्नांतून २००७ मध्ये ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स’ अर्थात ‘बॉस’ ही मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येणारी प्रणाली प्रसृत झाली. ती ‘डेबियन’ या जागतिक मुक्त प्रणालीवर आधारित आहे. चेन्नईतच ‘सेट्स’ ही सांकेतिक शास्त्र व माहिती सुरक्षेत संशोधन करणारी संस्थाही २००२ पासून कार्यरत आहे.

दोन दोष, दोन धडे

अशा संस्थांची गरज दोन घटनांवरून स्पष्ट होते. २००६ मध्ये डेबियनने आपल्यासाठी ओपन एसएसएलमध्ये बदल करताना काही ओळी वगळल्या. परिणामी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली आणि एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्यांचे सुमारे ३२ हजारच पर्याय उरले. संहिता सर्वांसमोर खुली असूनही हा दोष मे २००८ मध्ये उघड झाला.

दुसरी घटना एप्रिल २०१४ मधील ‘हार्टब्लीड’ची. मूळ ओपन एसएसएलमध्येच २०१२ पासून असलेल्या या चुकीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गोपनीय माहिती बाहेरच्या व्यक्तीला मिळवता येत होती. जगातील असंख्य व्यवहार ज्यावर विसंबून होते, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत असे, हेही तेव्हा जगाला कळले.

अर्थशास्त्रीय दृष्टिकोन

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे सार्वजनिक वस्तूचे उदाहरण आहे. एकाच्या वापराने दुसऱ्याचा वाटा घटत नाही आणि कोणाला वगळताही येत नाही. त्यामुळे लाभ सर्व घेतात, खर्च मात्र दुसऱ्याने करावा अशी प्रत्येकाची अपेक्षा असते. हीच ‘फ्री रायडर’ समस्या होय. हार्टब्लीडनंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत सामाईक निधी उभारला; तोपर्यंत हानी होऊन गेली होती.

भारत सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार शासकीय प्रणालींसाठी मुक्त स्रोत पर्यायाला प्राधान्य दिले जाते. परवाना शुल्कातील बचत हा त्याचा दृश्य लाभ. त्या बचतीचा काही भाग संहितेची तपासणी, देखभाल आणि तज्ज्ञांचे प्रशिक्षण यांकडे वळवणे आवश्यक आहे. पुढील आव्हान क्वांटम संगणकाचे आहे. आजच्या सार्वजनिक किल्ल्या तो भेदू शकेल, हे गृहीत धरून ओपन एसएसएलने २०२५ मध्ये नव्या पद्धतींचा समावेश केला. राष्ट्रीय क्वांटम मिशनअंतर्गत क्वांटम संवादाचे केंद्रही चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये आहे. खुली संहिता तपासणीची संधी देते. तपासणारे हात मात्र देशालाच घडवावे लागतात.