स्ट्रेस टेस्ट नॉर्मल, तरी अटॅक?

परवा ईसीजी काढताना एका काकूंनी विचारलं, "अहो, यांची स्ट्रेस टेस्ट गेल्याच महिन्यात नॉर्मल होती. मग अटॅक आलाच कसा?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याला वाटतं, चरबी साचत साचत एक दिवस नळी बंद होते. बहुतेकदा तसं होत नाही.

रक्तवाहिनीच्या अस्तरात कोलेस्टेरॉलचा थर वर्षानुवर्षं वाढतो. एखाद्या दिवशी त्यावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत वाट बंद. अडथळा ४० टक्केच असला तरी हे होऊ शकतं! स्ट्रेस टेस्ट मात्र मुख्यतः मोठे, साधारण ७० टक्क्यांच्या पुढचे अडथळे पकडते.

थर वाढवणारे नेहमीचेच यशस्वी: तंबाखू, बीपी, मधुमेह, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. (मिश्रीवाल्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत.) १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात सुरू झालेल्या अभ्यासातून यातलं बरंच कळलं.

मधुमेह असेल तर अटॅक आल्यावर छातीत दुखेलच असं नाही. नुसता दरदरून घाम, धाप किंवा जबड्यात कळ. अॅसिडिटी समजून सोडा पीत बसू नका, सरळ १०८ लावा.

रिपोर्टमधलं काही कळत नसेल तर खुशाल विचारा. गोळ्यांचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच!