गिरणी नसलेलं गिरणगाव : महाड-पोलादपूरकडे कसं बघायचं?

'मिल टाउन' हा शब्द तुम्ही अमेरिकी इतिहासाच्या पुस्तकांत नक्की वाचला असेल. मॅसॅच्युसेट्समधलं लॉवेल हे त्याचं ठरलेलं उदाहरण. मेरिमॅक नदीकाठी 1820 च्या दशकात कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि आसपासच्या शेतकरी घरांतल्या मुली तिथे कामाला आल्या. त्या कंपनीच्या वसतिगृहांत राहिल्या, 1834 आणि 1836 मध्ये त्यांनी संपही केले. नदी, गिरणी, घरं आणि माणसं सगळी एकाच गावात असल्यामुळे अभ्यासाला सोयीचं.

आता महाड आणि पोलादपूर घ्या. सावित्री नदी आहे, वरंध आणि आंबेनळी घाटांच्या पायथ्याची गावं आहेत, भातखाचरं आहेत, वरकस उतारावर नाचणी-वरी आहे. कापडगिरणी मात्र नाही. तरीही इथल्या वाड्यांमध्ये कुणाचा आजा, कुणाचा चुलता 'गिरणीत होता' हे वाक्य तुम्हाला घरोघरी ऐकू येईल. मग हे गिरणगाव आहे की नाही?

हा प्रश्न शब्दांचा खेळ वाटेल, पण संशोधनात तो पहिल्याच पायरीवर अडवतो. आपण अभ्यास नेमका कशाचा करतोय, गिरणीचा, शहराचा, गावाचा की घराचा? यालाच अभ्यासाचं एकक म्हणतात. एकक चुकलं की पुढचे आकडे बरोबर असूनही उत्तर चुकतं.

घर एक, चुली दोन

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये काढली. पुढच्या काळात कोकणातून गिरणगावाकडे माणसांचा जो ओघ लागला, त्यात हा डोंगरी भागही होता. कारण सोपं आहे. भाताचं एकच पीक, जमीन तुकड्यांची, आणि कापणी-झोडणी उरकली की रोकड मिळेल असं काम नाही. पण घरातले सगळे एकदम उठून गेले नाहीत. बहुतेकदा पुरुष गेला. बायको, म्हातारी माणसं, पोरं आणि शेती मागे राहिली.

मुंबईत तो राहायचा गावकीच्या खोलीत. चाळीतली एक खोली, भाडं सगळ्यांत वाटून, झोपणं पाळीप्रमाणे. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उचलली जायची. जेवण खानावळीत. काम मिळायचं जॉबरच्या ओळखीने, आणि सुरुवातीला बरेचदा 'बदली' म्हणून, म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्या दिवसापुरतं. महिन्याला गावी मनीऑर्डर. गणपतीला आणि शिमग्याला माणूस स्वतः.

लॉवेलची वसतिगृहं कंपनी चालवायची. इथली खोली गाव चालवायचं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा चुकलेला प्रश्न

पहिल्या क्षेत्रभेटीत मी पोलादपूर तालुक्यातल्या एका आजींना विचारलं, "तुमच्या माणसांनी गाव कधी सोडला?" आजी तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "गाव कुनी सोडला, बाय? ते तिकडं कामाला व्हते. घर हितं हाय ना."

माझी प्रश्नावली त्या एका वाक्यात कोसळली. 'स्थलांतर' हा शब्द मी पुस्तकातून उचलला होता. त्यात माणूस एक जागा सोडतो आणि दुसरी धरतो असं गृहीत आहे. आजींच्या हिशेबात घर एकच होतं, फक्त दोन ठिकाणी पसरलेलं.

याच मुद्द्यावर अभ्यासकांमध्ये जुना वाद आहे. मुंबईचा कामगार मनाने शेतकरीच राहिला, त्यामुळे गिरणीत शिस्त आणि स्थैर्य आलं नाही, असं पूर्वी सर्रास लिहिलं जायचं. मॉरिस डी. मॉरिस यांनी 1965 च्या पुस्तकात या समजाला धक्का दिला. राजनारायण चंदावरकर यांनी 1994 मध्ये आणखी पुढे जाऊन दाखवलं की गावाशी नातं हा मागासपणा नव्हता, शहरात तगून राहण्याचा तो आधार होता. पगार बेभरवशाचा, म्हणून गाव हवं. आणि गावची शेती अपुरी, म्हणून पगार हवा.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. इतका लांबलेला संप माणसं तगली कशी, याचं उत्तर फक्त लालबागमध्ये शोधलंत तर अर्धंच सापडेल. खूपजण गावी परतले. भातावर आणि घरच्या बाईच्या कष्टावर तो संप काही काळ चालला. खोली कंपनीची असती तर संपाच्या काळात डोक्यावरचं छप्परही मालकाच्या मुठीत राहिलं असतं.

'गाव' सगळ्यांसाठी सारखं नव्हतं

मात्र इथे भाबडं होऊ नका. गावचे आधार मुंबईला गेले तशा गावच्या भिंतीही गेल्या. 20 मार्च 1927 ला महाडात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं गेलं. त्या परिषदेसाठी झटलेले रा. बा. मोरे महाडजवळच्या लाडवलीचे. पुढे ते मुंबईत कम्युनिस्ट चळवळीत कामगारांमध्ये काम करत राहिले. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना विणकाम खात्यात घेतलं जात नव्हतं. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्या उष्ट्या धाग्याचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नसे. जास्त पगाराचं खातं त्यामुळे बंद. 1928 च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला.

तळ्याचं पाणी आणि धोट्यातला धागा ही एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत. फक्त गाव किंवा फक्त गिरणी पाहिलीत तर ती जुळणार नाहीत.

कामाला लागण्यापूर्वी तीन गोष्टी

पहिली, नावं तपासा. रायगड हे नाव 1981 पासूनचं. जुन्या कागदांत 'कुलाबा' शोधा. जुन्या जनगणनेत जन्मस्थान जिल्ह्यानुसार दिलेलं असतं, त्यामुळे पोलादपूरचा गिरणी कामगार आणि अलिबागचा माणूस एकाच रकान्यात बसतात.

दुसरी, सरासरीवर विसंबू नका. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, रायगडमध्ये 959. यावरून रायगडातले पुरुष बाहेर गेलेच नाहीत असं लिहाल तर फसाल. बाहेरून माणसं येणारं पनवेलही याच जिल्ह्यात आहे. तालुकावार तक्ते काढा.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. तुम्ही वही घेऊन अंगणात शिरलात की पहिला प्रश्न येईल, "म्हाडाकडून आलात का?" गिरणी कामगारांच्या घरांसाठी वारसांनी अर्ज केलेत आणि पुरावा म्हणून जुने कागद लागतात: हजेरीपत्रक, पीएफची पावती, गिरणीचा पास. तुम्हाला जो कागद 'साधन' वाटतो, तो त्या घराला मुंबईतल्या घराची शेवटची आशा वाटतो. म्हणून आधीच स्वच्छ सांगा, "मी विद्यार्थी आहे, माझ्यामुळे घर मिळणार नाही." मूळ कागद मागून नेऊ नका. जागेवरच फोटो काढा आणि त्याची एक चांगली प्रत त्यांना द्या.

त्या आजींनी मला ट्रंकेतला पास दाखवला तो दुसऱ्या भेटीत. त्यावरचा फोटो पावसाळी ओलीने पुसट झाला होता. मी छापून नेलेली प्रत त्यांनी पासासोबतच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि विचारलं, "तुज्या कामाचं झालं का काय?"

झालं. पण प्रश्नावली नव्याने लिहावी लागली. पहिला प्रश्न आता असा आहे: "तुमच्या घरातलं कोण कुठे असायचं?"